शिडाची झोळी

तंजावूरच्या मेल वीथीत डॉक्टर वैद्यनाथ राव ठाऊक नाहीत असं घर सापडणार नाही. त्या गल्लीतल्या आजोबांची कवळी त्यांनी बसवली आणि त्याच आजोबांच्या नातवाचा दुधाचा दातही त्यांनीच काढला. मात्र तिथून दोन तासांवर, मल्लिपट्टिणमच्या मासळी बंदरावर, त्यांचं नाव कोणाच्या गावीही नव्हतं. तिथं लोक ओळखत ते त्यांच्या बायकोला. ‘टीचरम्मा’ म्हणत तिला, आणि तिची गाडी वळणावर दिसली की कोणीतरी शेडचं दार उघडून ठेवी.

सुप्रभा मुलींच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. पन्नाशी ओलांडल्यावर तिनं शिडाची होडी हाकायला शिकायचं ठरवलं. एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, “मॅम, वारा समोरून येतो तरी होडी पुढं कशी जाते?” सुप्रभानं फळ्यावर बाण काढले, कोन मांडले, उत्तर अगदी बरोबर दिलं. घरी येऊन मात्र तिनं तेच बाण वहीवर पुन्हा काढून पाहिले. रात्रीच्या जेवणाला म्हणाली, “अस्के बाण, सगळेच्या सगळे, बरोबर होते. पण मी काय सांगत होते ते मलाच ठाऊक नव्हतं.” पुढच्या दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिनं पुदुच्चेरीच्या एका क्लबात काढल्या आणि त्यांच्याकडूनच एक जुनी, छोटी, दोन शिडांची होडी घेऊन आली. ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्राशेजारी, त्या जुन्या धर्मशाळेशेजारी, तिचं माहेर. होडीचं नाव तिनं ‘मुक्ता’ ठेवलं आणि ते तमिळ अक्षरांत स्वतःच्या हातानं रंगवलं.

दर रविवारी पहाटे ती निघे. वैद्यनाथ घरी राहत, कॉफी घेत, पेपर वाचत, एखाद्या दुखऱ्या दाढेसाठी क्लिनिक उघडत. कोणाची बायको वीणा शिकते, कोणाची चित्रं काढते, तशी आपली होडी हाकते, इतकंच त्यांच्या लेखी. ती दर वर्षी विचारायची, “मंडपमपर्यंत जाऊ या, तिथून पुढं बेटांकडं. येता?” ते म्हणायचे, “पुढच्या वर्षी बघू.”

यंदा त्यांच्या लेकीनं, श्रीविद्यानं, तो विषय संपवला. तीही दातांची डॉक्टर. घरात मराठी सगळी कळते, पण उत्तर नेहमी तमिळमध्ये. तिनं वडिलांच्या हातातल्या क्लिनिकच्या किल्ल्या काढून घेतल्या. “आठवडाभर मी बघते. आई किती वर्षं विचारतेय, अप्पा! तुम्ही जाऊन या.”

फेब्रुवारी सरत आला होता. ईशान्येचा वारा मंदावला होता, पण थांबला नव्हता. मल्लिपट्टिणमच्या धक्क्यावरून ‘मुक्ता’ निघाली तेव्हा वैद्यनाथांना पहिला धक्का बसला तो बायकोच्या आवाजाचा. घरात सुप्रभानं कधी आवाज चढवला नव्हता. इथं तिनं त्यांचाच एक जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, त्यावर तरंगायचं जाकीट चढवलं होतं, डोक्यावर टोपी गळ्याखाली बांधली होती, आणि ती ओरडली, “डोकं खाली!”

त्यांनी डोकं खाली घातलं. मोठ्या शिडाचा आडवा दांडा सूं करून वरून गेला.

“अहो, मी ‘डोकं’ म्हटलं की पुढचं ऐकायला थांबू नका,” ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. “आधी वाका.”

“सरि,” ते म्हणाले. क्लिनिकमध्ये हा तमिळ ‘बरं’ ते लोकांकडून ऐकत.

मनोरा किल्ल्याचा जुना बुरूज किनाऱ्यावर लहान होत गेला, मग नारळीच्या रांगेत मिसळला. उथळ समुद्र, पाण्याचा रंग भातखाचरासारखा हिरवट. तासाभरात वैद्यनाथांना बोट लागली. सुप्रभानं डब्यातून मिठात वाळवलेल्या नारत्तंगाई लिंबाचा तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. “चघळा. आणि होडीकडं नका बघू, लांब किनाऱ्याच्या रेषेकडं बघा.”

त्यांनी रेषेकडं बघायचं ठरवलं, पण बघत राहिले तिच्याकडं. तिचा एक हात सुकाणूवर, दुसऱ्यात शिडाचा दोर. ती वाऱ्याकडं बघत नव्हती, तरी वारा बदलायच्या आधी तिचा हात हलायचा. एकदा तिनं मान किंचित वळवली, दोर थोडा ढिला सोडला, आणि क्षणानं पाण्यावर एक काळसर सुरकुती पळत येऊन होडीवर आदळली. होडी कलली, सावरली, पुढं झेपावली. वैद्यनाथांनी काठ घट्ट धरला होता. सुप्रभा हसत होती. असं हसताना त्यांनी तिला श्रीविद्या जन्मली त्या दिवसांनंतर पाहिल्याचं आठवेना.

“तुला कळलं कसं तो झोत येतोय ते?”

“मानेला कळतं,” ती म्हणाली. “आधी फक्त डोक्याला कळायचं.”

संध्याकाळी त्यांनी मणमेलकुडीच्या अलीकडं, कंबरभर पाण्यात नांगर टाकला. सुप्रभानं सागरी पोलिसांना फोन करून आपण कुठं आहोत ते कळवलं. हे ती न चुकता करायची, कारण त्या पाण्यात श्रीलंकेची सीमा लांब नाही. मग दोघांनी डांगर पचडी आणि भात खाल्ला. वैद्यनाथांना वाटलं, आपण क्लिनिकच्या खुर्चीशेजारी उभे राहून आयुष्य काढलं, तसं हिनं इथं आपलं एक दुसरं आयुष्य उभं केलं, आणि आपण ते बघायलाही आलो नाही. त्या रात्री ताटल्या त्यांनी घासल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा हलका होता. पाणी इतकं नितळ, की तळाशी समुद्री गवताची कुरणं डुलताना दिसत. सुप्रभानं दोन्ही शिडं उभारली होती. तेवढ्यात पुढच्या बाजूनं हाका ऐकू आल्या. एक लहान फायबरची होडी एका अंगाला धोकादायक कलली होती. तिच्यात एक माणूस आणि एक बाई. बाई पदर काढून हवेत फिरवत होती.

“बुडतायत का?” वैद्यनाथ उभे राहिले.

“बसा. बुडत नाहीत. जाळ्यात काहीतरी जड आहे.”

जवळ गेल्यावर दिसलं. माणसाचं नाव गणेशकुमार, बाई त्याची बायको सरोजा. दोघं मिळून किनाऱ्याजवळ खेकड्यांची जाळी टाकत. त्यांच्या जाळ्यात एक समुद्रगाय अडकली होती. माणसापेक्षा कितीतरी मोठी, करड्या रंगाची, बोथट तोंडाची. ती मासा नव्हे, तिला श्वासासाठी वर यावंच लागतं. आणि जाळं तिला खाली ओढत होतं. सरोजा आणि गणेशकुमार दोर धरून तिचं नाक पाण्यावर ठेवायला धडपडत होते. पण ती झटका मारायची, होडी कलायची, दोर सुटायचा आणि नाक परत पाण्याखाली जायचं.

“शेपटीकडचं जाळं कापलं,” गणेशकुमार ओरडला. “तोंडाकडचं कापता येत नाही! ती हलते, सुरी लागेल तिला. आणि दमलीय आता. वर येतच नाही.”

“दुसऱ्या बाजूला येते मी,” सुप्रभा म्हणाली. “दोन होड्यांच्या मधे धरू तिला.”

“इंजिन लावू का?” वैद्यनाथांनी विचारलं. मागच्या बाजूला लहानसं इंजिन होतं.

“नक्को! पंख्यात जाळं जाईल. आणि तिला लागेल.”

मग तिनं जे केलं ते वैद्यनाथ नंतर कितीतरी जणांना सांगत राहिले. आधी ती त्या होडीपासून दूर गेली. त्यांना वाटलं, ही चालली कुठं? थोड्या अंतरावर जाऊन तिनं वळण घेतलं आणि वेगात परत आली, सरळ त्या जनावराच्या रोखानं. सरोजानं तोंडावर हात घेतला. अगदी शेवटी सुप्रभानं सुकाणू ढकललं, होडीची नाळ, तिचं पुढचं टोक, वाऱ्यासमोर आली, शिडं फडफडली, सगळा वेग जणू कोणी काढून घेतला, आणि ‘मुक्ता’ समुद्रगायीच्या शेजारी हातभर अंतरावर येऊन थांबली. पाणीसुद्धा फारसं हललं नाही. भरलेला पाण्याचा तांब्या चुलीशेजारी ठेवावा तशी तिनं होडी ठेवली.

“मोठं शीड पाडा!” ती म्हणाली आणि स्वतः पुढं धावली. पुढचं शीड तिनं कड्यांतून सोडवून मोकळं केलं. पांढरं, मजबूत, तिनं स्वतः निवडून आणलेलं नवं शीड. ते गुंडाळून तिनं एक टोक सरोजाकडं फेकलं. “खालून घ्या! तिच्या छातीखालून! आणि होडीला बांधा.”

सरोजाच्या लगेच ध्यानात आलं. दोघींनी दोन्ही बाजूंनी दोर ओढले. शिडाची झोळी झाली. झोळीनं ते जड अंग उचललं, बोथट नाक पाण्याबाहेर आलं, आणि दोन्ही नाकपुड्या उघडून त्या जनावरानं असा श्वास घेतला, की त्याचे थेंब चौघांच्याही अंगावर उडाले.

“आता तोंडाचं जाळं,” गणेशकुमार म्हणाला. पण त्याचे तळवे दोरानं सोलून निघाले होते, सुरी धरवत नव्हती. इतका वेळ त्यानं आणि सरोजानंच सगळं ओढून धरलं होतं.

“मी दातांचा डॉक्टर आहे, मी बघतो,” म्हणत वैद्यनाथांनी चष्मा काढून सुप्रभाकडं दिला. स्वतःच्या औषधांच्या पेटीतून टाके कापायची बाकदार कात्री घेतली. शर्ट काढला आणि ते पाण्यात उतरले. वेण्णारूच्या कालव्यात लहानपणी ते तासन्‌तास पोहायचे. त्या गोष्टीला खूप वर्षं झाली होती, पण पाण्यानं त्यांना ओळखलं.

जनावराचं तोंड त्यांच्या तोंडासमोर आलं. जाड वरच्या ओठावर राठ केस. ओठाच्या आत दोन आखूड सुळे, आणि नायलॉनचा दोरा त्या सुळ्यांभोवती आवळून हिरडीत रुतलेला. श्वासाला ओल्या गवताचा वास येत होता, गोठ्यात येतो तसा. बारीक डोळा त्यांच्याकडं बघत होता.

तीस-पस्तीस वर्षं भेदरलेल्या माणसांच्या तोंडात हात घातलेला तो माणूस. त्याच्या तोंडून आपोआप ते शब्द आले, जे तो रोज म्हणायचा, “काही नाही, काही नाही. थोडं उघडा. दुखणार नाही.” मग तेच ते तमिळमध्येही म्हणाले, हे या किनाऱ्याचं जनावर म्हणून.

वर सरोजा रडता रडता हसली. “डॉक्टर, ती ऐकतेय तुमचं!”

ती ऐकत होती की थकली होती, कोण जाणे, पण ती हलली नाही. वैद्यनाथांनी डाव्या अंगठ्यानं ओठ वर सरकवला, कात्रीचं बोथट टोक हिरडी आणि दोऱ्याच्या मधे घातलं आणि एक दोरा कापला. मग दुसरा. एक धागा सुळ्याच्या मागं दडला होता. तो त्यांनी नखानं पुढं ओढून घेतला. लाट आली की सुप्रभा तिकडून दोर किंचित सैल करायची, लाट गेली की घट्ट, म्हणजे त्यांचा हात आणि त्या जनावराचं तोंड एकत्रच वर-खाली व्हावं. एकदाही तिला सांगावं लागलं नाही.

“झालं,” ते म्हणाले. “सोडा.”

सरोजानं तिच्याकडचा दोर सोडला. झोळी उलगडली. ते करडं अंग सरकन खाली गेलं, आणि चौघं पाण्याकडं बघत राहिले. काहीच दिसेना. गणेशकुमार पुटपुटायला लागला, “मुरुगा, मुरुगा…”

बऱ्याच दूर, गवताच्या कुरणापलीकडं, पाण्यावर एक गोल पाठ उमटली. फुस्स असा आवाज झाला. मग पाठ बुडाली आणि शेपटीचा पंखा एकदा दिसला.

सरोजानं दोन्ही हात जोडले. तिच्या होडीत फाटक्या जाळ्याचा ढीग पडला होता. गणेशकुमारनं त्याच्याकडं बघून खांदे उडवले. “जाळं काय, परत विणता येतं,” तो म्हणाला. नंतर त्यानं वनखात्याला फोन करून सगळं कळवलं. सरोजानं त्यांना उकडलेल्या ताडाच्या कोंबांची जुडी दिली, सुप्रभानं तिला पुळिहोऱ्याचा, चिंचेच्या भाताचा, डबा दिला. चौघांनी दोन होड्या एकमेकींना बांधूनच न्याहारी केली.

ते लांब गेल्यावर वैद्यनाथ पंच्यानं डोकं पुसत म्हणाले, “तू होडी आणलीस ना तिच्याजवळ, तसलं काही मी जन्मात पाहिलं नाही.”

“तुम्ही उडी मारलीत, ते मी नाही पाहिलं जन्मात.”

“मी काय, उतरलो. तूही उतरली असतीस.”

सुप्रभा शिडाच्या दोराला उगीचच गाठ मारत राहिली. मग म्हणाली, “मला पोहता येत नाही.”

“काय?”

“येत नाही. क्लबात विचारलं होतं, येतं का म्हणून. मी ‘हो’ म्हटलं.”

“अय्यो, सुप्रभा! इतकी वर्षं? एकटी? दर रविवारी?”

“जाकीट घालते की. कायम घालते.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंत?”

नसतंच जाऊ दिलं, हे दोघांनाही ठाऊक होतं. वैद्यनाथांना राग यायला हवा होता, तो आला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर कालची ती हसणारी बाई आली. तळाला पाय लागणार नाही अशा पाण्यावर, पडलो तर काय हे पूर्ण ठाऊक असताना, मानेवरचा वारा ओळखणारी.

“हे शौर्य म्हणायचं की वेडेपणा?” त्यांनी विचारलं.

“मला वाटतं, आधी वेडेपणा होता,” ती म्हणाली. “मग आवडायला लागलं.”

त्या संध्याकाळी नांगर टाकल्यावर सुप्रभानं पुढच्या शिडाची उसवलेली कड जाड सुईनं शिवली. करडे डाग काही निघाले नाहीत. वैद्यनाथ शेजारी बसून शीड ताणून धरत होते. पुढचे दोन दिवस किनारा उजव्या हाताला ठेवून ते दक्षिणेकडं जात राहिले. तोंडी, देवीपट्टिणम. वैद्यनाथ आता ‘डोकं’ म्हणताच वाकत आणि ‘दोर’ म्हणताच ओढत, बहुतेक वेळा बरोबर दोर. फ्लेमिंगोंचा एक थवा उथळ पाण्यातून उठला तेव्हा त्यांनी हातातला दोर सोडून टाळ्या वाजवल्या आणि बोलणी खाल्ली.

पांबनच्या पुलाखालून जाण्यासाठी डोलकाठी आडवी करून, परवानगी घेऊन, भरतीचा ओढा मंदावायची वाट बघत ते इतर होड्यांच्या रांगेत थांबले. पुलाखालचं पाणी नदीसारखं धावतं. आजूबाजूचे कोळी सुप्रभाकडं आधी कुतूहलानं बघत होते. मग तिनं इंजिन लावून दोन खडकांमधून ‘मुक्ता’ बरोबर मधोमध काढली तेव्हा मागच्या बोटीतून एकानं शीळ घातली. सुप्रभानं वळून बघितलं नाही. वैद्यनाथांनी मात्र वळून त्याला हात केला.

पुलाच्या पलीकडं जगच बदललं. पाल्क उपसागराचं हिरवट पाणी संपून मन्नारच्या आखाताचं निळं पाणी लागलं. ईशान्येचा वारा रामेश्वर बेटाच्या पाठीशी अडला होता, म्हणून समुद्र तळ्यासारखा शांत. समोर कुरुसडै बेट आणि त्याच्या पलीकडची लहान बेटं पाण्यावर हिरव्या टोपल्यांसारखी ठेवलेली. तिथं उतरायला मनाई, आणि उतरावंसंही वाटू नये इतकी ती स्वतःत पूर्ण होती. परवानगीच्या अंतरावरून सुप्रभानं त्यांना हळूहळू वळसा घातला. कडेच्या पाण्याखाली प्रवाळाची पिवळी-तपकिरी रानं दिसत होती. एक कासव श्वास घ्यायला वर आलं, त्यांच्याकडं जुन्या पेशंटसारखं बघून खाली गेलं.

दुपारी ते रामेश्वरच्या दक्षिण किनाऱ्याला, लोकांना मोकळ्या असलेल्या एका वाळूच्या काठाला लागले. पाणी छातीइतकं, तळाची वाळू स्वच्छ दिसणारी. वैद्यनाथ उतरले आणि त्यांनी हात वर केला.

“ये.”

“आत्ता?”

“आत्ता. तुझ्या होडीवर मी तुझं ऐकलं. आता माझं ऐक.”

सुप्रभा शिडीवरून उतरली. पांबनच्या ओढ्यात न डगमगलेली बाई, त्या निवांत पाण्यात तिनं नवऱ्याचा दंड असा आवळला की त्याला नखं लागली. तिच्या अंगावर जाकीट होतं. त्यांनी त्याला हात लावला.

“हे काढ.”

तिनं त्यांच्याकडं बघितलं. मग बंद सोडले आणि जाकीट होडीत टाकलं.

“पाठीवर ये. कान पाण्यात जाऊ दे. वर आभाळाकडं बघ. मी हात खाली ठेवतो.”

ती आडवी झाली आणि ताबडतोब वाकून बुडायला लागली, नाकात पाणी गेलं, खोकली, त्यांच्या गळ्यात पडली. पुन्हा. पुन्हा खोकली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “अग, तू वाऱ्याला सांगतेस का काय कर ते? त्याचं ऐकतेस. तसं पाण्याचं ऐक.”

यावर ती हसली आणि हसताना अंग सैल पडलं. त्यांच्या तळव्यांवरचा भार हलका होत गेला. तिचे पांढरे झालेले केस पाण्यात पसरले. डोळे आभाळाकडं, ओठ किंचित उघडे. वर एक समुद्री घार संथ गोल फिरत होती. वैद्यनाथांनी हात हळूच दोन बोटं खाली घेतले, मग आणखी खाली.

“हात आहेत ना?” तिनं डोळे न हलवता विचारलं.

“नाहीत,” ते म्हणाले.

ती घाबरली नाही. पाण्यानं तिला धरून ठेवलं होतं, आणि ती त्या पाण्यावर आपल्या होडीशेजारी हळूहळू वाहत चालली होती. वैद्यनाथ दोन पावलं मागं, छातीभर पाण्यात, तिच्याबरोबर चालत राहिले.